अर्धं लेझर, पूर्ण तक्रार

‘लेझरनं माझा डोळा घालवला’ हे वाक्य यापुढे चारचौघांत तुझ्या तोंडून निघता कामा नये. घरी म्हण, बायकोपाशी म्हण, फारच जीव कासावीस झाला तर मला फोन करून म्हण. पण मंडळाच्या तिळगूळ समारंभात, हातात वाटी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना गोळा करून ऐकवायचं नाही. छप्पन्न वर्षांचा झालास, सेक्शन ऑफिसर झालास, गाझियाबादेत वैशालीला स्वतःचा फ्लॅट घेतलास, सगळं मान्य. तरी तुला विज्ञान मी शिकवलंय, आणि तुझा कान धरायचा माझा हक्क निवृत्तीच्या तारखेला संपलेला नाही.

तुझी फाइल मी वाचली. तूच आणून दिलीस, ‘बाई, बघा काय करून ठेवलंय यांनी’ म्हणून. भिंग घेऊन शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्यात काय आहे ते आता तू ऐक, कारण तू ती एकदाही नीट वाचलेली नाहीस. वाचली असतीस तर माझ्यापुढे ठेवायचं धाडस झालं नसतं.

दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर मधुमेहाचा आजार, तोही पुढच्या टप्प्याचा, नव्या रक्तवाहिन्या फुटलेला. उजव्या डोळ्याला लेझरच्या तीन बैठका ठरल्या. फेब्रुवारीत पहिली झाली, मार्चमध्ये दुसरी झाली. तिसरीच्या रकान्यात तारीख आहे, पुढे काहीच नाही. डाव्या डोळ्याच्या लेझरचं पान कोरं. त्यानंतरची नोंद थेट नोव्हेंबरची: उजव्या डोळ्याला समोर हलणारा हात तेवढा कळतो, बोटं मोजता येत नाहीत, आत रक्तस्राव. मार्च ते नोव्हेंबर तू कुठं होतास? त्या मधल्या कोऱ्या जागेनं तुझा डोळा नेला, आणि तू नाव घेतोस लेझरचं.

आधी आकृती. दहावीला तू ती सुरेख काढायचास. दृष्टिपटलाला निळी पेन्सिल, नावं देताना रेघा पट्टीनं. नावं सगळी पाठ. यातलं कोण काय काम करतं, हे मात्र कधी विचारलं नाहीस. मार्क नावांना होते ना!

दृष्टिपटल, ज्याला आपण सगळे पडदा म्हणतो, तो डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला मज्जातंतूंचा पातळ थर. शरीरात सगळ्यात जास्त ऑक्सिजन मागणाऱ्या भागांपैकी एक. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की त्याच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब होतात. काही पाझरायला लागतात, काही बंदच पडतात. ज्या भागाचं रक्त तुटलं तो भाग गप्प बसत नाही. तो एक रासायनिक हाकाटी सुरू करतो, की नव्या वाहिन्या धाडा. नव्या वाहिन्या फुटतात, पण कच्च्या, नको त्या जागी, पडद्याच्या पृष्ठभागावरून डोळ्यातल्या पारदर्शक गरात शिरणाऱ्या. त्या फुटल्या की गरात रक्त उतरतं. त्यांच्या सोबतीनं जे तंतू वाढतात ते पुढे आकसतात आणि पडद्याला मागच्या भिंतीवरून उपटून काढतात.

हे सगळं घडत असताना तुला काय दिसतं? सगळं स्वच्छ. पेपर वाचता येतो, बोर्ड वाचता येतात. दुखत नाही, लाल होत नाही. इथंच तुझ्यासारखे हुशार लोक फसतात.

आता लेझर काय करतं ते ऐक. डॉक्टर पडद्याच्या मधल्या भागाला, ज्यानं तू वाचतोस, माणसं ओळखतोस, हात लावत नाहीत. बाजूच्या, रक्त तुटलेल्या भागावर लहान लहान डाग देतात. नेहमीच्या पद्धतीनं एका डोळ्याला बाराशे ते सोळाशे, कधी त्याहून जास्त. म्हणून दोन-तीन बैठका. भाजलेला भाग ऑक्सिजन मागेनासा होतो, हाकाटी थांबते, कच्च्या वाहिन्या सुकतात. दुष्काळात विहिरीला पाणी कमी पडलं की शेतकरी बांधाकडच्या ओळी मनावर दगड ठेवून सोडतो आणि मधली बाग जगवतो, तसला हा सौदा आहे. सौदा! म्हणजे काही द्यावं लागतं. आणि त्यातून गेलेली नजर परत येत नाही, असलेली टिकते. तुला वाटलं होतं चष्म्याचा नंबर उतरेल.

ही काही कालपरवा कुणा खासगी दवाखान्यानं काढलेली टूम नाही. 9 जुलै 1945 च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून एका विद्यार्थ्याचा पडदा भाजला. तो डाग पाहून जर्मनीतल्या मेयर-श्विकेराथ या डॉक्टरांना सुचलं की असा डाग मुद्दाम, हव्या त्या जागी देता आला तर? त्यांनी आधी खऱ्या सूर्याचा प्रकाश आरशांनी वळवून वापरला, पुढे झेनॉनचा दिवा. 1960 मध्ये पहिलं लेझर आलं. मग अमेरिकेत सतराशेहून जास्त रुग्णांवर रीतसर तपासणी झाली, प्रत्येकाच्या एका डोळ्याला उपचार, दुसरा तसाच ठेवलेला. 1976 मध्ये आकडे आले. दोन वर्षांत, उपचार न केलेल्या शंभर डोळ्यांपैकी सुमारे सोळा जवळजवळ आंधळे झाले. उपचार केलेल्यांपैकी सहा. फरक इतका ढळढळीत, की तसेच ठेवलेले दुसरे डोळेही मग उपचाराला घेतले. या पद्धतीला तू वाटीतला हलवा चघळत ‘फसवणूक’ म्हणालास.

आणि ते सहा? हे विचारायला हवं होतंस. विचारलं असतंस तर मला बरं वाटलं असतं. लेझर घेऊनही काहींची नजर जाते. कुणाचा आजार फार पुढे गेलेला असतो, कुणाला दिलेले डाग पुरत नाहीत, कुणाचे तंतू आधीच आकसायला लागलेले असतात. लेझर म्हणजे हमीपत्र नाही. म्हणूनच लेझरनंतर पुन्हा पुन्हा दाखवायचं असतं.

माझ्या दोन्ही डोळ्यांना लेझर झालेलं आहे, तुला ठाऊक आहे. तेव्हा मला त्याची महती सांगायची गरज नाही आणि त्याचा त्रासही. हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्यात बधिर करणारे थेंब, मग त्यावर चिकट जेल लावलेली जाड काच. हिरवा लखलखाट. पहिले शे-दोनशे डाग सोसतात. नाकाकडच्या आणि कानाकडच्या बाजूला, जिथून मोठ्या नसा जातात, तिथं गेले की कळ थेट दातांत उतरते. डोकं मागे घेतलं तर डॉक्टर ओरडतात, आणि बरोबर ओरडतात. तेवढ्यात डोळा फिरला आणि डाग मधोमध पडला तर ती नजर कायमची गेली. असं क्वचित होतं, पण होतं. बाहेर आल्यावर सगळं जांभळट दिसतं आणि एम्सच्या मेट्रो स्टेशनाच्या पायऱ्या मोजत उतराव्या लागतात.

नंतरचं देणं वेगळं. माझी रात्रीची नजर कमी झाली. उजेडातून अंधारात गेलं की डोळ्यांना जुळवून घ्यायला फार वेळ लागतो. बाजूचं कमी दिसतं. पहाडगंजात डावीकडून येणारी ई-रिक्षा मला आवाजानं कळते. जानेवारीत साडेपाचलाच अंधारून येतं, त्यावर धुकं, म्हणून संध्याकाळी कुणाचा हात धरल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. डाग वर्षांगणिक थोडे पसरतातही. काहींना लेझरनंतर पडद्यावर पातळ साय धरते आणि सरळ रेघ वाकडी दिसते. काहींच्या डोळ्यात एकाच बैठकीत फार डाग दिल्यावर पडद्यामागे पाणी साठतं, डोळ्याचा दाब चढतो, काही दिवसांनी उतरतो. सुकत चाललेली कच्ची वाहिनी आकसताना ताणली जाऊन लेझरनंतरही थोडं रक्त उतरू शकतं. हे सगळं लेझरच्या खात्यावर मांड. मी नाही म्हणणार नाही.

आणि तुझ्या बाबतीत खरं काय झालं, तेही त्याच खात्यावर आहे. दुसऱ्या बैठकीनंतर दोन-तीन आठवड्यांनी तुला फाइलवरची अक्षरं धूसर दिसायला लागली. बरोबर? तुझ्या बायकोनं सांगितलं मला, तू नाही. पडद्याच्या मधल्या भागाला सूज आली होती. कडेला एवढं लेझर झाल्यावर मध्यभागी सूज येणं किंवा असलेली वाढणं, हा या उपचाराचा सगळ्यांना माहीत असलेला परिणाम आहे. पुष्कळांची काही आठवड्यांत उतरते. नाही उतरली तर ओसीटीचं चित्र काढतात, किती जाडी वाढली ते मोजतात आणि डोळ्यात इंजेक्शन देतात. म्हणजे ज्या आठवड्यात तू धावत जायला हवं होतंस, नेमक्या त्याच आठवड्यात तू ‘पुरे झालं यांचं’ म्हणून घरी बसलास. सूज तुझी उतरली असावी, कारण जूनमध्ये तू नातेवाइकांना घेऊन गाडी चालवत मथुरेला गेलास. पुन्हा दिसायला लागलं म्हणून तिसरी बैठक बुडवलीस. धूसर झालं तेव्हा लेझरनं बिघडवलं म्हणून गेला नाहीस, आणि स्वच्छ झालं तेव्हा आता गरज काय म्हणून गेला नाहीस. न जायचंच ठरवलेल्या माणसाला कारणाची वाण कधी पडते?

कच्च्या वाहिन्या तुझ्या रजेच्या अर्जाची वाट बघत नव्हत्या. अर्ध्या राहिलेल्या भागातून हाकाटी चालूच होती. दिवाळीच्या सुमारास तुला डोळ्यापुढे काळे ठिपके दिसायला लागले, मग धुराची वेटोळी. तू काय निदान केलंस? प्रदूषण! नोव्हेंबरातली दिल्ली आहे, सगळ्यांनाच धुरकट दिसतंय, असं म्हणून चष्मा पुसत राहिलास, गुलाबपाण्यानं डोळे धुतलेस. अरे, हवेतला धूर दोन्ही डोळ्यांना सारखा दिसतो. एक डोळा झाकून दुसऱ्यानं बघायला किती वेळ लागतो? कॅलेंडरसमोर उभं राहायचं, डावा झाकायचा, तारीख वाचायची. उजवा झाकायचा, पुन्हा वाचायची. दात घासून झाले की रोज. आठ दिवसांनी उजव्यानं भिंतच दिसेनाशी झाली तेव्हा तुला डॉक्टर आठवले. आता सोनोग्राफीत पडदा एका कडेनं ओढला गेलेला दिसतोय. हे लेझरचं पाप नाही. आजार पुढे गेला आणि वाटेत त्याला अडवायला जे उभं राहणार होतं त्याला तू अर्ध्यावर घरी पाठवलंस.

तुझी कारणं मला तोंडपाठ आहेत. पहाटेची रांग, कार्डासाठी रांग, थेंबांसाठी रांग, मग लेझरच्या खोलीबाहेर रांग. सगळं खरं. एम्समधलं राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्र 1967 पासून उभं आहे आणि तिथं बिहारपासून हिमाचलपर्यंतचा माणूस येतो. मी रांगेत बसले तेव्हा माझ्या शेजारची बाई दरभंग्याहून दोन रात्रींचा प्रवास करून आली होती आणि तिसऱ्या बैठकीला आली होती. तू वैशालीहून मेट्रोनं तासाभरात पोचतोस. नोंदणी आता घरबसल्या होते. तेही नको होतं तर दर्यागंजात श्रॉफ यांचं धर्मादाय रुग्णालय आहे, महाराजा रणजितसिंह मार्गावर गुरू नानक नेत्र केंद्र आहे, तुला तर सरकारी नोकरीमुळे खासगीतही सोय आहे. पडद्याच्या डॉक्टरांची दिल्लीत जेवढी वस्ती आहे तेवढी आपल्या कित्येक जिल्ह्यांत मिळून नसेल. गडचिरोलीतला माणूस ‘सोय नव्हती’ म्हणाला तर मी मान खाली घालीन. तू म्हणालास तर नाही.

त्याच राजेंद्र प्रसाद केंद्रानं 2015 ते 2019 या काळात देशभर पाहणी केली. पन्नाशीपुढच्या माणसांत मधुमेह 11.8 टक्के, आणि त्या मधुमेह्यांपैकी 16.9 टक्के लोकांच्या पडद्यावर त्याची खूण. साधारण सहात एक. 2023 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या अभ्यासानं देशातल्या मधुमेह्यांचा आकडा दहा कोटींपुढे नेला. म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये तुझं व्याख्यान ऐकणाऱ्यांत असे किती असतील, तूच हिशेब कर, गणित बरं होतं तुझं. त्यातल्या एक वहिनी, ज्यांची पहिली बैठक पुढच्या आठवड्यात होती, त्यांनी ती रद्द केली. मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. त्यांचा पडदा अजून जागेवर आहे. आज संध्याकाळी त्यांना फोन करायचा आणि सांगायचं, की मी दोनच बैठका घेतल्या होत्या, हे सांगायचं राहिलं. बाकी काही बोलू नकोस. मधुमेह, दिल्ली, डॉक्टर यांच्यावर भाष्य नको. एवढं एक वाक्य.

आता डॉक्टरांकडे वळते, नाहीतर तू म्हणशील बाई एकतर्फी झाल्या. तुझ्या फाइलमध्ये दुसऱ्या बैठकीखाली गिचमिड अक्षरात ‘रिव्ह्यू 4/52’ असं लिहिलंय. मला ते एका विद्यार्थिनीनं, जी स्वतः डॉक्टर आहे, उलगडून सांगितलं: बावन्न आठवड्यांतले चार, म्हणजे चार आठवड्यांनी या. तू तो खोलीचा नंबर समजलास! हसू नकोस, मीही आधी काहीतरी औषधाचं प्रमाण समजले होते. चार आठवड्यांनी या, असं हिंदीत लिहायला डॉक्टरांची शाई संपत होती का? ‘मध्ये धूसर दिसेल, घाबरू नका, पण लगेच या’ हे एक वाक्य त्या खोलीत कुणी तोंडानं उच्चारलं असतं तर तू कदाचित घरी बसला नसतास. दिवसाला शंभर डोळे बघतात, थकतात, समजतं. पण पुढे पेशंट आलाच नाही तर हातातलं ते सगळं कौशल्य वाया जातं. विद्यार्थी नापास झाला की मास्तरलाही दोन बोल ऐकावे लागतात, त्यांनीही ऐकावेत. संमतीपत्राच्या छापील कागदावर तुझी सही आहे, त्याच्या खाली सगळे धोके इंग्रजीत लिहिलेत. सही करण्यापूर्वी वाचलास? ऑफिसात दुसऱ्याच्या नोटशीटवरचा स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीस तू.

मग तू मला म्हणालास, ‘लेझर जुनं झालं बाई, आता इंजेक्शनं आहेत.’ कुठून ऐकलंस ते विचारत नाही. इंजेक्शनं आहेत, चांगली आहेत, ती रासायनिक हाकाटीच दाबून टाकतात. 2015 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ती लेझरच्या तोडीस तोड ठरली, बाजूची नजरही जास्त राखली. पण कुणाला? जे ठरल्या दिवशी, महिन्या-महिन्याला, वर्षानुवर्षं येत राहिले त्यांना. 2019 मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी उलटा प्रश्न विचारला: जे सहा महिन्यांहून जास्त काळ गायबच झाले, त्यांचं काय झालं? ज्यांना नुसती इंजेक्शनं होती त्यांचे पडदे लेझरवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त ओढले गेले. इंजेक्शनाचा असर ओसरतो, लेझरचा डाग राहतो. म्हणजे तुझ्यासारख्या दांडीबहाद्दरासाठी लेझरइतका दयाळू उपचार दुसरा नाही. ज्याच्यावर तू खापर फोडतोस, त्या दोन बैठकांनी जे थोपवलं तेवढ्यामुळेच मधला पडदा अजून जागेवर आहे, असं तुझे डॉक्टरच म्हणाले. आणि ओढ लागलेल्या डोळ्यात हट्टानं इंजेक्शन मागू नकोस. वाहिन्या झटक्यात सुकतात, तंतू त्याच झटक्यात आकसतात, आणि काही दिवसांत ओढ वाढू शकते. द्यायचं की नाही आणि ऑपरेशनच्या किती आधी, ते शल्यचिकित्सकानं ठरवायचं.

साखरेबद्दल थोडक्यात, कारण तिच्याबद्दल तुला सगळं येतं आणि तू काहीच करत नाहीस. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी शेवटची कधी केलीस, फाइलमध्ये नाही. रक्तदाबाची गोळी ‘चढल्यासारखं वाटलं की’ घेतोस, असं कळलं. 1998 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं, की नुसता रक्तदाब आवरला तरी पडद्याचा आजार लक्षणीय मंदावतो. लघवीतून प्रथिनं जातात का ते बघ. पडदा आणि मूत्रपिंड दोन्हीकडे बारीक वाहिन्या, दोन्हीकडे एकाच वेळी दुखणं चाललेलं असतं. आणि आता घाबरून एका महिन्यात साखर खाली आपटायची, उपास करायचे, कारल्याचा रस प्यायचा, हेही करू नकोस. झपाट्यानं उतरवलेली साखर सुरुवातीला पडदा आणखी बिघडवू शकते. हळूहळू, मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून. गुळाची पोळी तुपासकट दोनदा घेतलीस, ती मी पाहिली. लांबचं मला अजून नीट दिसतं.

ऑपरेशनला नाही म्हणायचं नाही. डोळ्यातला रक्त मिसळलेला गर काढतात, तंतू सोडवून पडदा मोकळा करतात, राहिलेलं लेझर आतूनच पूर्ण करतात. शेवटी पडदा दाबून बसवायला वायू किंवा सिलिकॉनचं तेल भरतात. तेल भरलं तर काही महिन्यांनी पुन्हा काढावं लागतं. ती तारीख बुडवलीस तर मी स्वतः तुझ्या ऑफिसात येईन. वायू भरला तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान बंद. वर हवेचा दाब कमी झाला की डोळ्यातला वायू फुगतो, डोळ्याचा दाब भडकतो आणि उरलीसुरली नजर जाऊ शकते. मार्चमध्ये पुण्याला पुतणीचं लग्न आहे आणि तिकिटं काढलीस हे मला माहीत आहे. भरण्यापूर्वी डॉक्टरांना तारीख सांग, आणि लागलं तर तिकीट रद्द कर. ‘दोन तासांचा तर प्रवास आहे’ हे ऐकून घेणार नाही. तुझ्या मुलाला सिमल्याला जायचंय म्हणे. चढावर गाडीनं जाणंही तोवर नाही. ऑपरेशन होईपर्यंत डोकं उंच ठेवून झोप म्हणजे रक्त खाली बसेल, सिलिंडर उचलू नकोस, वाकून जोर लावू नकोस, आणि हृदयासाठी दिलेली रक्त पातळ ठेवायची गोळी मनानं बंद करू नकोस.

ऑपरेशननंतर किती दिसेल ते आज कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांना वचन मागू नकोस. मलाही नको.

पण उजव्याचं दुःख करत बसताना तुझा डावा डोळा कोऱ्या पानावर बसलेला आहे, त्याचं काय? त्याच्याच जोरावर तू आज हे वाचतोयस. त्यातही कच्च्या वाहिन्या आहेत, फाइलमध्ये लिहिलंय. त्याचं लेझर उजव्याच्या ऑपरेशनसाठी थांबवायचं नाही. त्याच डॉक्टरांना विचारून आधी त्याची पहिली तारीख घ्यायची. बैठका किती ते तोंडी विचार आणि मराठीत लिहून घे, चारही तारखा म्हणाले तर चारही. कुठली धूसरता वाट बघण्यासारखी आणि कुठल्या लक्षणाला त्याच दिवशी यायचं, तेही लिहून घे: नवे काळे ठिपके, धूर, कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली, डोळ्यात वीज चमकल्यासारखं, सरळ रेघ वाकडी. डोळा दुखून डोकं धरलं, उलटी झाली तर इमर्जन्सी, ओपीडी नाही.

मंगळवारी सकाळी मुलाला घेऊन जा. रजेचा अर्ज आज टाक. फाइल, ओसीटीचे जुने कागद, सोनोग्राफी, साखरेचा आणि रक्तदाबाचा ताजा आकडा, चालू गोळ्यांची चिठ्ठी, काळा चष्मा आणि डबा, एवढं बरोबर घे. गाडी आणायची नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की तीन-चार तास तुला ऊन सोसणार नाही आणि समोरच्या गाडीचं अंतरही कळणार नाही. मेट्रोनं जा. संध्याकाळी सातच्या आत मला फोन करून तारखा वाचून दाखव, सगळ्या.